कोकणातल्या गावाचा डीपी आणि पुण्यातून घ्यायची हरकत: नोटिशीपासून सुनावणीपर्यंत, क्रमाने

पुण्यात राहणाऱ्या आणि गुहागर, दापोली, मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धन, देवगड अशा ठिकाणी घर किंवा वाडी असलेल्या कुटुंबांत एक गोष्ट वारंवार घडते. नगरपरिषदेने किंवा नगरपंचायतीने प्रारूप विकास योजना (डीपी, म्हणजे कुठे रस्ता, कुठे मैदान, कुठे घरे हे नकाशावर ठरवणारी योजना) प्रसिद्ध केल्याची बातमी मोबाइलवर येते. दोन दिवस फोनाफोनी होते. कुणीतरी एक मजकूर पाठवतो, सगळे त्याखाली सही करतात आणि तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने रवाना होतो. त्यात सर्व्हे नंबर नसतो, नकाशाचा उल्लेख नसतो, नेमके काय बदलून हवे तेही नसते. सुनावणीची नोटीस गावच्या बंद घराला चिकटते आणि कोणी हजर राहत नाही. मग पुढची वीस वर्षे नकाशात आपल्या जागेवरून गेलेल्या रस्त्याच्या किंवा मैदानाच्या रेषेसोबत काढावी लागतात.

हरकतीत दम असूनही ती अशी वाया जाते, कारण कामाचा क्रम चुकतो. तो क्रम खाली दिला आहे.

## १. आधी ठरवा: निर्णय कोणाचा आणि कागद कोणता

जागा नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तिथली ‘विकास योजना’ लागू होते. बोलीत तिलाच डीपी म्हणतात. जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर सहसा ‘प्रादेशिक योजना’ लागू असते. तिचा कारभार जिल्हाधिकारी आणि जिल्ह्याच्या नगररचना शाखेकडे असतो. गावठाणाबाहेरचे बांधकाम किंवा जमिनीचा वापर सरपंचांच्या सहीने ठरत नाही.

आणखी एक गैरसमज पुण्यात पक्का बसला आहे, तो म्हणजे ‘ग्रामसभेत उभे राहून विरोध करू’. ग्रामसभेचे सभासद म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेले लोक. तुमचे मतदान कोथरूडला असेल, तर गावात घरपट्टी भरत असूनही तुम्ही तिथे सभासद नाही. गावातल्या भावाने किंवा काकांनी विषय मांडावा आणि तुम्ही त्यांना कागद पुरवावेत, हे शक्य आहे. पण ग्रामसभेचा ठराव म्हणजे योजनेतला बदल नव्हे. तो हरकतीला जोडायचा एक पुरावा आहे, एवढेच.

त्यानंतर हाती आलेली नोटीस कोणत्या कलमाखालची आहे ते पाहा. नेहमी भेटणाऱ्या नोटिसा चार:

- कलम २३: योजना तयार करण्याचा इरादा जाहीर. आरक्षणे (मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा) अजून ठरलेली नसतात.
- कलम २६: प्रारूप योजना प्रसिद्ध. खरी हरकत इथे घ्यायची.
- कलम ३१: शासन मंजुरी देताना सारभूत बदल सुचवते, तेवढ्या बदलांवरच हरकत.
- कलम ३७: मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल. ‘किरकोळ’ या शब्दावर विसंबू नका. एखाद्या मैदानाचे आरक्षण उठवण्याचा प्रस्तावही याच कलमाखाली येऊ शकतो.

तपासा: नोटिशीवर कलम क्रमांक सापडला नाही, तर तुमच्याकडे नोटीस नाही, नोटिशीची बातमी आहे. मूळ नोटीस मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. मुदत राजपत्रावरून मोजा

मुदत किती दिवसांची ते नोटिशीतच लिहिलेले असते. शेजारच्या शहराला किती दिवस मिळाले होते यावरून अंदाज बांधू नका. दिवस सहसा राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजले जातात. वर्तमानपत्रातली जाहिरात आठ दिवसांनी आली असेल, तर ते आठ दिवस तुमचे गेले.

पुण्याहून शोधणारे लोक इथे ठरावीक चूक करतात. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर ते भाग एकची पुणे विभागीय पुरवणी उघडतात आणि ‘काहीच आलेले नाही’ म्हणून निश्चिंत होतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या नोटिसा कोकण विभागीय पुरवणीत येतात. त्याच पुरवणीचे साधारण आणि असाधारण असे दोन्ही अंक चाळा.

शेवटची तारीख सापडली की त्यातून पाच दिवस वजा करा आणि ती तारीख आपली समजा. हरकत त्या दिवशी गावच्या कार्यालयात पोचलेली असली पाहिजे. स्पीड पोस्टच्या पावतीवरची तारीख उपयोगी पडेल असे धरू नका.

सावध: ‘आधी वारस नोंद करू, मग हरकत घेऊ’ या नादात मुदत संपते. कलम २६ खाली कोणीही हरकत घेऊ शकतो, त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही. आजोबांच्या नावाचा सातबारा जोडा, ‘मी त्यांचा नातू व वारस’ असे एका ओळीत लिहा आणि हरकत दाखल करा. नोंदीचे काम शेजारून चालू द्या.

## ३. कागद जमवा

बरेचसे कागद पुण्यात बसून मिळतात. एक फेरी मात्र गावी करावीच लागते.

पुण्यातून: डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा (१५ रुपये), खातेउतारा म्हणजे ८-अ, आणि महाभूनकाशावरून गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा नकाशा. जागा सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रक. कोकणातल्या काही शहरांत एकाच जागेला सर्व्हे नंबरही असतो आणि सिटी सर्व्हे नंबरही. डीपीच्या नकाशावर यांपैकी एकच छापलेला असतो. दोन्हींचा मेळ भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून घ्या आणि हरकतीत दोन्ही नंबर लिहा.

गावातून: घरपट्टीची पावती, जुन्या मोजणीची ‘क’ प्रत असल्यास ती, बांधकाम परवानगी आणि वीजबिल. घर किती जुने आहे ते दाखवणारा एखादा कागद फार कामाला येतो. नवी मोजणी मागवायची असेल तर जरूर मागवा, पण ती मुदतीत होईल असे समजून थांबू नका.

नगरपंचायतीतून: कलम २६ प्रमाणे योजनेची प्रत किंवा तिचा प्रमाणित उतारा वाजवी किमतीत विक्रीला ठेवणे बंधनकारक आहे. लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागा: आपल्या भागाच्या नकाशाचा प्रमाणित उतारा, विद्यमान भूवापर नकाशा आणि विकास योजना अहवाल. लोक पहिलीच गोष्ट आणतात. बहुतेक चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदात सापडतात. तुमचे चाळीस वर्षांचे घर विद्यमान भूवापर नकाशात ‘मोकळी जागा’ म्हणून रंगवले असेल, तर त्यावर मैदान का पडले याचे उत्तर तिथेच मिळते. आणि असा पुरावा दाखवला की सुनावणी घेणाऱ्या समितीला तो डावलणे कठीण जाते.

## ४. नकाशावर आपली जागा मिलिमीटरमध्ये शोधा

या टप्प्याला एक अख्खा दिवस द्या. लोक सर्वांत जास्त घाई इथेच करतात.

प्रमाण पाहा. नकाशा १:४००० प्रमाणात असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४ मीटर. छापील रेषेची जाडीच अर्धा मिलिमीटर असली, तर ती २ मीटर जागा झाकते. त्यामुळे ‘रेष आमच्या विहिरीवरून जाते’ असे लिहिण्याआधी ती रेषेच्या आत आहे की रेषेखाली झाकली गेली आहे ते ठरवावे लागते.

पीडीएफ छापताना जपा. दुकानात ‘पानावर बसवा’ असा पर्याय दाबून छापलेल्या नकाशाचे प्रमाण बिघडते. नकाशावर काढलेली प्रमाणपट्टी मोजून पाहा. ती जुळत नसेल तर पट्टीच्याच हिशेबाने अंतरे काढा.

मोबाइलच्या जीपीएसवर वाद घालू नका. मोकळ्या आभाळाखालीही तो चार-पाच मीटर इकडे तिकडे होतो, आणि माडांच्या झावळ्यांखाली त्याहून जास्त. अंतर ३० मीटरच्या टेपने घ्या. मोजणी न हलणाऱ्या दोन खुणांपासून करा. तिठा, देवळाचा चौथरा, जुनी सार्वजनिक विहीर, साकवाचा कोपरा अशा खुणा नकाशावरही असतात आणि जागेवरही.

एक उदाहरण घेऊ. नकाशात तुमच्या वाडीलगत १२ मीटरचा डीपी रस्ता दाखवला आहे. जागेवर तिथे पाखाडी (अरुंद पायवाट) आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि गडग्यापासून गडग्यापर्यंत ३ मीटर. म्हणजे आणखी ९ मीटर लागणार. मध्यरेषा पाखाडीचीच धरली असेल तर प्रत्येक बाजूचे ४.५ मीटर जातील. तुमची रस्त्याकडची लांबी २० मीटर असेल तर ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ०.८९ गुंठा. पण समोर शाळेची इमारत आहे म्हणून सगळी रुंदी तुमच्या बाजूला ढकलली असेल, तर १८० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहून थोडे जास्त. विहीर गडग्यापासून ३.२ मीटरवर असेल तर दोन्ही परिस्थितींत ती जाते. तुळशीवृंदावन ६ मीटरवर असेल तर पहिल्यात वाचते, दुसऱ्यात जाते.

हा हिशेब हरकतीत आला की ती वाचणाऱ्याला प्रश्न कळतो. नुसते ‘आमचे फार नुकसान होईल’ लिहिले की कळत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. पुढे घर बांधताना समोर सोडायचे अंतर नव्या, रुंद रस्त्याच्या हद्दीपासून मोजले जाते. जागा अरुंद असेल तर रस्त्यात गेलेल्या पट्ट्यापेक्षा हे नुकसान मोठे असू शकते.

फोटो: सहा ते आठ पुरेत. प्रत्येक फोटोत नकाशावर ओळखू येणारी एक तरी खूण हवी. फोटो कुठून आणि कोणत्या दिशेने काढला ते नकाशाच्या उताऱ्यावर क्रमांक आणि बाणाने दाखवा. नुसती फोटोंची चवड समिती उलगडत बसत नाही.

## ५. सीआरझेड स्वतंत्रपणे तपासा

डीपीत जागा ‘रहिवास’ विभागात आली म्हणजे बांधकामाचा मार्ग मोकळा झाला, असे मानून पुण्यातली कितीतरी कुटुंबे बिल्डरला आगाऊ रक्कम देतात. डीपी आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे समुद्र-खाडीलगतच्या पट्ट्यातल्या बांधकामावरचे नियम) ही दोन वेगळी बंधने आहेत आणि दोन्ही एकाच वेळी लागू होतात. त्यांपैकी जे कडक, ते तुमचे.

क्रम असा ठेवा.

(अ) कोणती अधिसूचना लागू आहे. ६ जानेवारी २०११ ची आणि १८ जानेवारी २०१९ ची, अशा दोन अधिसूचना चर्चेत असतात. २०१९ च्या सवलती त्या अधिसूचनेनुसार जिल्ह्याचा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच मिळतात. त्या आराखड्याच्या नकाशाच्या शीर्षकात कोणत्या वर्षाची अधिसूचना लिहिली आहे आणि तो ‘प्रारूप’ आहे की ‘मंजूर’, हे दोन शब्द आधी वाचा.

(ब) वर्ग कोणता. ‘आता नगरपंचायत झाली, म्हणजे आपण सीआरझेड-२ मध्ये’ हे खरे नाही. त्या वर्गासाठी हद्द शहरी असून भागत नाही. एकूण भूखंडांपैकी निम्म्याहून जास्त बांधलेले हवेत, आणि रस्ते, पाणी, सांडपाणी अशा सोयीही हव्यात. बाकी ग्रामीण स्वरूपाचा किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. २०१९ च्या अधिसूचनेत त्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त असेल तर ३-अ, आणि उच्चतम भरती रेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून कमी असेल तर ३-ब, आणि २०० मीटर. हा हिशेब स्वतः करून पाहा. गावाचे क्षेत्र ३०० हेक्टर म्हणजे ३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ४,२०० असेल, तर घनता १,४०० येते. म्हणजे ३-ब. कोकणात वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे ५० मीटरची सवलत आपल्यालाच मिळेल असे गृहीत धरू नये.

(क) खाडी. समुद्र दिसत नाही म्हणून सीआरझेड नाही, असे होत नाही. भरतीचे पाणी चढणाऱ्या खाडीकाठी २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते लागू होते. २०११ प्रमाणे तो आकडा १०० मीटर होता. खाजणाच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या जमिनी यात हमखास येतात.

(ड) कांदळवन. १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली आहे. डीपीतला एखादा रस्ता, पार्किंग किंवा घनकचऱ्याची जागा कांदळवनात दाखवली असेल, तर हा मुद्दा हरकतीत पहिल्या क्रमांकावर घ्या. तो जमीन तुमची असो वा नसो, घेता येतो. आणि घ्यायलाच हवा, कारण खाजणाच्या बाजूने लिहिणारे गावात फार थोडे असतात.

सावध: किनारा आराखड्याचा जिल्हा नकाशा १:२५,००० प्रमाणात असतो. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे २५ मीटर. ५० मीटरचे क्षेत्र तिथे जेमतेम २ मिलिमीटर दिसते. असा नकाशा मोठा करून आपले घर आत की बाहेर हे ठरवू नका. १:३,९६० प्रमाणातला स्थानिक नकाशा मागा. जुन्या गावनकाशांचेही हेच प्रमाण आहे (१ इंचाला ३३० फूट), म्हणून सर्व्हे नंबरच्या हद्दी त्यावर ताडता येतात. भरती रेषेबद्दल शंका असेल तर अधिकृत संस्थेकडून आखणी करून घ्यावी लागते. ओहोटीच्या वेळी पुळणीवर काढलेल्या फोटोला तिथे काहीच किंमत नाही, कारण ती रेषा उधाणाच्या भरतीवरून ठरते.

स्वतःच्या राहत्या घरासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाची परवानगी २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्थानिक प्राधिकरण देऊ शकते. तरीही सीआरझेडच्या अटी तपासणे त्याला सुटत नाही. ही सवलत रिसॉर्टला किंवा विकायच्या बंगल्यांना लावून सांगणारे भेटतील. ती त्यांच्यासाठी नाही.

## ६. हरकत लिहा: एक जागा, एक मागणी, दोन पाने

एका अर्जात एकच विषय. रस्ता, मैदान आणि पाणीपुरवठा यांवर बोलायचे असेल तर तीन अर्ज करा. एकत्र लिहिले की सुनावणीत पहिल्या विषयावर बोलणे होते आणि बाकीचे बुडतात.

मजकुराचा नमुना असा (नंबर फक्त उदाहरणासाठी):

> प्रति, मुख्याधिकारी व नियोजन प्राधिकरण, ……… नगरपंचायत.
> विषय: प्रारूप विकास योजनेवर कलम २६ खाली हरकत. स. नं. ११२, हि. नं. ३. नकाशा पत्रक क्र. ४. प्रस्तावित १२ मी. रुंद रस्ता.
> संदर्भ: राजपत्र, कोकण विभागीय पुरवणी, दिनांक ………
> मागणी: स. नं. ११२/३ लगतच्या सुमारे ८० मी. लांबीत रस्त्याची रुंदी १२ मी. ऐवजी ९ मी. करावी, ते शक्य नसल्यास रस्ता उत्तरेकडील शासकीय जागा स. नं. ११५ मधून वळवावा.
> कारणे: (१) विद्यमान भूवापर नकाशात येथील राहते घर (घरपट्टी क्र. ………) दाखवलेले नाही. (२) पिण्याच्या पाण्याची विहीर गडग्यापासून ३.२ मी. वर असून ती रस्त्यात जाते. तिच्यावर शेजारची चार घरे अवलंबून आहेत. (३) हा रस्ता पुढे खाडीशी संपतो. त्यावर पुढे जोडणी दाखवलेली नाही.
> जोडपत्रे: १ ते ६.
> मला सुनावणीस समक्ष म्हणणे मांडायचे आहे. पत्रव्यवहाराचा पत्ता: ………, पुणे ४११०……, मोबाइल ………

या नमुन्यात मागणी कारणांच्या आधी आली आहे, ते मुद्दाम. शेकडो अर्ज चाळणाऱ्याला पहिल्या दहा ओळींत काय हवे ते कळले पाहिजे. ‘ते शक्य नसल्यास’ ही दुसरी वाटही द्या. फक्त ‘रद्द करा’ म्हटले की उत्तर हो किंवा नाही एवढेच येते, आणि बहुतेक वेळा नाही येते. पर्याय म्हणून शेजाऱ्याची जमीन दाखवू नका. शासकीय किंवा नगरपंचायतीची जागा शोधा, तिचा सातबारा काढा आणि जोडा.

पत्ता पुण्याचाच लिहा. गावचा पत्ता लिहिला तर सुनावणीची नोटीस कुलूप लावलेल्या दाराशी पडून राहते.

कमकुवत कारणे ओळखून गाळा. ‘ही वडिलोपार्जित जागा आहे’ हे खरे असते, पण कोकणातली बहुतेक जमीन वडिलोपार्जितच असते. ‘आम्हाला विचारले नाही’ याचे उत्तर म्हणजे हीच नोटीस. मोबदल्याचा दर या टप्प्यावर कोणी ठरवत नाही. एखाद्या नगरसेवकाच्या जमिनीला वाचवले असा आरोप मनात असेल, तर माणसाचे नाव न घेता ती रेषा त्या जागी का वळली याचे तांत्रिक कारण मागा. आरोप केला की उत्तर आरोपाला मिळते आणि रेषा तशीच राहते.

एकाच मजकुराच्या तीनशे प्रतींनी मुद्दे तीनशे होत नाहीत. पण जागा सगळ्यांची असेल, म्हणजे मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढून ठेवण्याची पुळण, स्मशानाची वाट, तर एकच पक्का अर्ज आणि त्याखाली वापरणाऱ्यांच्या सह्या, हाच योग्य मार्ग. त्या जागा सातबाऱ्यावर कुणाच्या नावाने नसतात, म्हणून नकाशात सहज पुसल्या जातात.

हरकतीइतकीच सूचना महत्त्वाची. योजनेत मुलांसाठी मैदान दाखवले असेल आणि ते तुम्हाला हवे असेल, तर ‘हे आरक्षण कायम ठेवावे’ असा अर्ज द्या. जमीनमालक ते उठवायला अर्ज करणारच आहे. ठेवा म्हणणारा एकही कागद फायलीत नसेल, तर समितीसमोर एकच बाजू येते.

## ७. दाखल करा

दोन प्रती. एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. पोस्टाने पाठवल्यास पोचपावतीसह पाठवा आणि चार दिवसांनी फोन करून आवक क्रमांक विचारा. ई-मेल पाठवायला हरकत नाही, पण नोटिशीत तो मार्ग दिलेला नसेल तर त्याच्यावर विसंबू नका.

सावध: नगररचना संचालनालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. म्हणून काही जण गावच्या डीपीवरची हरकत तिथे देऊन येतात. ती हरकत ठरत नाही. हरकत नोटिशीत लिहिलेल्या कार्यालयातच द्यायची.

## ८. सुनावणी

कलम २८ खालची नियोजन समिती हरकती ऐकते. तिच्यात नियोजन प्राधिकरणाच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ही समिती अहवाल देते. अंतिम निर्णय तिचा नसतो.

एकेका अर्जाला काही मिनिटेच मिळतात. म्हणून बोलण्याचा क्रम ठरवून जा: हरकत क्रमांक, सर्व्हे नंबर, मागणी, मग सर्वांत बळकट कारण. घराण्याचा इतिहास नको. नकाशाचा ए-३ उतारा समोर ठेवा आणि त्यावर जागा लाल पेनने दाखवा. कागदांचे तीन संच न्या. बोलून झाल्यावर एक पानी लेखी म्हणणे द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी बोललेले टिपणात कसे उतरेल ते तुमच्या हातात नसते. लेखी म्हणणे मात्र फायलीत राहते.

स्वतः जाता येत नसेल तर गावातल्या विश्वासू नातेवाइकाला सहीचे अधिकारपत्र द्या, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. त्याला जागेवर नेऊन रेषा कुठून जाते ते एकदा दाखवा. समितीने ‘विहीर नेमकी कुठे?’ असे विचारले आणि तो गप्प राहिला, तर अर्जातले सगळे आकडे वाया जातात.

सुनावणी पावसाळ्यात लागली तर आदल्या दिवशीच पोचा. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद असतो आणि ताम्हिणीत दरड आली की सकाळची वेळ गाठता येत नाही.

तपासा: हजेरीपटावर सही झाली का? आपला हरकत क्रमांक त्या दिवसाच्या यादीत होता का? नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा.

## ९. सुनावणीनंतर फाइल मिटू नका

समितीचा अहवाल आल्यावर प्राधिकरण त्यातले बदल स्वीकारते किंवा नाकारते, आणि बदलांची यादी प्रसिद्ध होते. तुमची हरकत मान्य झाली का ते तिथे पाहा. सापडत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीसाठी पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘हरकत क्र. …… वरील समितीची शिफारस व प्राधिकरणाचा निर्णय यांच्या प्रती’ एवढेच मागा. ‘का नाकारली?’ असा प्रश्न विचारला तर ‘ही माहिती नाही’ असे उत्तर येऊ शकते.

समितीने मान्य केलेली गोष्ट शासनाच्या मंजुरीत पुन्हा फिरू शकते. मंजुरीच्या वेळी नकाशावर दोन प्रकारच्या खुणा येतात: एसएम म्हणजे मंजूर बदल, आणि ईपी म्हणजे वगळलेला भाग, ज्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. शेजारच्या जागेवर ईपी क्रमांक पडला असेल तर तोही वाचा. त्यांच्यावरून उठलेला रस्ता कुठेतरी सरकलेला असतो.

सीआरझेडची परवानगी चुकीची दिली गेली असे वाटत असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, ही पुणेकरांची सोय. मात्र डीपीतला रस्ता किंवा आरक्षण हा न्यायाधिकरणाचा विषय नाही. तो नगररचना कायद्याचा विषय असल्याने त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते. परवानगीशिवाय ना-विकास क्षेत्रात बांधकाम चालू दिसले, तर आधी जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण या दोघांकडे फोटो, सर्व्हे नंबर आणि तारखेसह लेखी तक्रार करा.

आरक्षण कायम राहिलेच, तर अंतिम योजना अमलात आल्याची तारीख लिहून ठेवा. तिथून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. या नोटिशीसोबत मालकी किंवा हितसंबंध दाखवणारी कागदपत्रे जोडावीच लागतात. हरकतीच्या वेळी वारस नोंदीवाचून चालले, इथे चालणार नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर ई-हक्क प्रणालीतून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे तलाठी) वारस नोंदीचा अर्ज याच महिन्यात टाका. फेरफाराच्या नोटिशीला १५ दिवस लागतात. पण वीस सहहिस्सेदारांचे मृत्यूचे दाखले, वारसांची नावे आणि पत्ते गोळा करायला कित्येक महिने जातात.